पीसीओएस आणि इन्सुलिन : रोजच्या ताटात नेमके काय बदलावे

पीसीओएसचे (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, म्हणजे पाळी आणि अंडाशयावर परिणाम करणारा संप्रेरकांचा बिघाड) निदान झालेल्या बहुतेक स्त्रियांना दवाखान्यातून बाहेर पडताना एक वाक्य हमखास ऐकायला मिळते : वजन कमी करा. ते कसे करायचे, कशासाठी करायचे आणि ज्यांचे वजन मुळात जास्त नाही त्यांनी काय करायचे, हे मात्र पुष्कळदा सांगायचे राहून जाते. मग घरी येऊन भात बंद होतो, तूप बंद होते, रात्रीचे जेवण सफरचंदावर भागवले जाते आणि पुढच्या पंधरवड्यात सारे पूर्वपदावर येते. या लेखात अशा उपासमारीऐवजी मराठी घरातल्या नेहमीच्या स्वयंपाकाची मांडणी बदलण्याचा मार्ग सांगितला आहे. तो समजण्यासाठी आधी इन्सुलिन आणि अंडाशय यांचा संबंध लक्षात घ्यावा लागतो.

जेवणातील पिष्टमय पदार्थांचे ग्लुकोज होते आणि ते स्नायू, यकृत व चरबीच्या पेशींत पोचवण्याचे काम इन्सुलिन करते. या पेशी इन्सुलिनला पुरेसा प्रतिसाद देईनाशा होतात, तेव्हा तेवढेच काम करून घेण्यासाठी स्वादुपिंड अधिक इन्सुलिन सोडते. यालाच इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणतात. अडचण अशी, की स्नायू इन्सुलिनला दाद देत नसले तरी अंडाशय देत राहते. वाढलेले इन्सुलिन मेंदूतील पियुषिका ग्रंथीच्या एलएच या संप्रेरकाच्या जोडीने अंडाशयातील काही पेशींना टेस्टोस्टेरॉनसारखी पुरुषी संप्रेरके जास्त बनवायला लावते. त्याच वेळी ते यकृतातील एसएचबीजी या प्रथिनाची निर्मिती घटवते. हे प्रथिन टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवत असल्यामुळे ते कमी झाले, की रक्तात मोकळे फिरणारे टेस्टोस्टेरॉन वाढते. अंड्यांची वाढ अर्धवट थांबणे, पाळी लांबणे, हनुवटीवर राठ केस येणे, पुरळ उठणे आणि डोक्यावरचे केस विरळ होणे या तक्रारी वरवर वेगवेगळ्या दिसल्या, तरी त्यांच्यामागे ही एकच साखळी बऱ्याच अंशी असते. वजन वाढले की ती आणखी घट्ट होते. परंतु सडपातळ स्त्रियांतही ती असू शकते. म्हणून ‘मी बारीक आहे, मला आहाराचा प्रश्न नाही’ हा निष्कर्ष घाईचा ठरतो.

आहार बदलण्यापूर्वी

पहिली गोष्ट तपासण्यांची. फास्टिंग इन्सुलिन मोजून घेण्याचा आग्रह अनेकजणी धरतात आणि काही प्रयोगशाळा ती तपासणी पीसीओएसच्या पॅकेजमध्ये घालूनही देतात. मात्र २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पीसीओएसच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी नेहमीच्या उपचारासाठी इन्सुलिन मोजण्याची शिफारस केलेली नाही, कारण त्या चाचण्या पुरेशा अचूक नाहीत. त्याऐवजी ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून केली जाणारी तोंडी ग्लुकोज चाचणी सुचवली आहे. उपाशीपोटीची साखर १०० ते १२५ मिलिग्रॅम असेल किंवा ग्लुकोज घेतल्यावर दोन तासांनी ती १४० ते १९९ असेल, तर तो मधुमेहाच्या उंबरठ्यावरचा टप्पा समजला जातो. दोन तासांनंतरची साखर २०० किंवा त्याहून जास्त असणे हे मधुमेहाचे लक्षण आहे. केवळ उपाशीपोटीच्या साखरेवर विसंबू नये, कारण अनेक स्त्रियांमध्ये बिघाड आधी जेवणानंतरच्या साखरेत दिसतो. एचबीए१सी, म्हणजे गेल्या सुमारे तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्तचाचणी, हिच्याबाबतही एक सावधगिरी बाळगावी लागते : लोहाच्या कमतरतेमुळे रक्तक्षय असेल तर हा आकडा फसवा येऊ शकतो, आणि आपल्याकडे रक्तक्षय किती स्त्रियांमध्ये आढळतो हे वेगळे सांगायला नको.

दुसरी गोष्ट घरी करण्याची. कपडे शिवताना वापरतात ती टेप घेऊन कंबरेचा घेर मोजावा. भारतीय स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटरच्या पुढचा घेर धोक्याचा मानला जातो. वजनाचे निकषही आपल्यासाठी अधिक कडक आहेत, म्हणजे बीएमआय (किलोतील वजन भागिले मीटरमधील उंचीचा वर्ग) २३ च्या पुढे गेला की वजन जास्त आणि २५ च्या पुढे गेला की स्थूलता धरली जाते. मानेच्या मागे किंवा काखेत मखमलीसारखा काळपट पट्टा दिसत असेल, तर तो मळ समजून घासत बसू नये. शरीरात इन्सुलिन जास्त असल्याची ती पुष्कळदा बाहेर दिसणारी खूण असते. यानंतर तीन दिवस, त्यात एक सुट्टीचा दिवस धरून, तोंडात गेलेली प्रत्येक गोष्ट वहीत लिहावी. चहासोबतची दोन बिस्किटे आणि मुलाच्या ताटात उरलेली अर्धी पोळीसुद्धा त्यात यायला हवी. या वहीशिवाय केलेला कोणताही आहारबदल अंदाजपंचे होतो.

वहीत काय दिसते

बहुतेक वह्यांमध्ये चित्र सारखेच असते. सकाळी चहा-बिस्किट, नाश्त्याला पोहे, दुपारी पोळ्या, बटाट्याची भाजी आणि वरण-भात, पाचला पुन्हा चहा-खारी, रात्री दहाच्या सुमारास पुन्हा पोळी-भाजी आणि भात. यात ‘जंक फूड’ म्हणावे असे काहीच नाही आणि नेमकी तिथेच दिशाभूल होते, कारण प्रत्येक खाणे पिष्टमय पदार्थावर उभे आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी मधुमेह पाहणीत भारतीयांच्या आहारातील सुमारे ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येत असल्याचे आढळले आहे. उलट, हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहारसूचनांत धान्यांतून मिळणारी ऊर्जा ४५ टक्क्यांपर्यंत मर्यादित ठेवायला आणि ताटाचा निम्मा भाग भाज्या व फळांना द्यायला सांगितले आहे. पीसीओएस असलेल्या स्त्रीने एवढे एक केले तरी तिचे बरेचसे काम होते.

प्रत्यक्षात ते असे करावे. ताटात उजव्या आणि डाव्या बाजूची अदलाबदल झाली आहे असे समजून वाढायला सुरुवात करावी : चमचाभर वाढली जाणारी कोशिंबीर आणि भाजी आता मुख्य जेवण होईल, पोळी, भाकरी किंवा भात तोंडी लावण्यापुरता राहील. निम्मे ताट बटाटा सोडून इतर भाज्यांचे, पाव ताट घट्ट आमटी, उसळ, अंडे, मासे किंवा पनीरचे आणि उरलेले पाव ताट धान्याचे. एका जेवणात पोळी आणि भात दोन्ही न घेता कोणते तरी एकच घ्यावे. कोकणात वाढलेल्या स्त्रीला भात सोडवत नसेल, तर तिने पोळी सोडावी आणि वाटीभर भात माशाच्या कालवणाबरोबर किंवा कुळथाच्या पिठल्याबरोबर खावा. सुरुवातीचे चार-सहा घास कोशिंबिरीचे व उसळीचे घेऊन धान्याकडे नंतर वळल्यास जेवणानंतरची साखर कमी चढते, असे मधुमेहींवरील काही लहान अभ्यासांत दिसले आहे. यासाठी खर्च शून्य असल्याने करून पाहायला हरकत नाही.

भाकरीविषयी थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे, कारण ‘पोळी बंद करून भाकरी खा’ हा सल्ला आता सर्रास दिला जातो. पॉलिश केलेल्या तांदळाच्या १०० ग्रॅममध्ये तंतुमय भाग ३ ग्रॅमच्या आत असतो, तर ज्वारीत तो १० ग्रॅमच्या आणि बाजरी-नाचणीत ११ ग्रॅमच्या आसपास असतो. म्हणजे भाताऐवजी भाकरी हा बदल खरोखर उपयोगी आहे. पण चक्कीवर दळलेल्या, चाळून कोंडा न काढलेल्या गव्हाच्या कणकेतही तंतू साधारण तेवढेच असतात, त्यामुळे पोळीऐवजी भाकरी घेतल्याने फार मोठा फरक पडतो असे नाही. शिवाय ५० ग्रॅम पिठाच्या एका ज्वारीच्या भाकरीतही सुमारे ३४ ग्रॅम कर्बोदके असतात. पौष्टिक म्हणून तीन भाकऱ्या खाल्ल्या तर हिशेब पुन्हा तिथेच येतो. नाचणीचे बारीक पीठ गूळ घालून शिजवलेली पातळ लापशी तर साखर वेगाने वाढवू शकते. धान्य कोणते यापेक्षा किती आणि कशाबरोबर, हा प्रश्न मोठा आहे.

कशाबरोबर, या प्रश्नाचे उत्तर प्रथिने. प्रौढ भारतीयांसाठी शिफारस आहे वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम, म्हणजे ६० किलो वजनाच्या स्त्रीला सुमारे ५० ग्रॅम. घरातल्या पातळ वरणाच्या वाटीत जेमतेम पंधरा-वीस ग्रॅम डाळ असते आणि तिच्यातून चार ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात. डाळ रोज खाऊनही प्रथिने कमी पडण्याचे कारण हे आहे. तेव्हा वरण घट्ट करावे आणि दुपारच्या जेवणात मटकी, मूग, चवळी किंवा हरभऱ्याची उसळ मोठी वाटीभर असावी. एका अंड्यातून ६ ग्रॅम, ३० ग्रॅम शेंगदाण्यांतून सुमारे ७ ग्रॅम, ५० ग्रॅम पनीरमधून ९ ग्रॅमच्या आसपास आणि १०० ग्रॅम बांगड्यातून जवळपास २० ग्रॅम प्रथिने मिळतात. शाकाहारी घरात सोयाबीनच्या वड्या हा सर्वांत स्वस्त मार्ग आहे, कारण त्यांचे निम्म्याहून अधिक वजन प्रथिनांचे असते. ३० ग्रॅम कोरड्या वड्या भिजवून, पिळून भाजीत घातल्या तर पंधरा ग्रॅमची बेगमी होते.

एकत्र कुटुंबात यावर लगेच आक्षेप निघतो, की एका घरात दोन स्वयंपाक कोण करणार. तो रास्त आहे. म्हणून वेगळा स्वयंपाक करूच नये. सगळ्यांची आमटी घट्ट होऊ द्यावी, कोशिंबीर दुप्पट चिरावी, पिठल्यात पालक किंवा मेथी ढकलावी, बटाट्याच्या रश्श्यात निम्मे बटाटे काढून फ्लॉवर, मटार घालावेत. सासूबाईंना मधुमेह आणि सासऱ्यांना रक्तदाब असतोच. त्यांनाही हे चालते. फक्त आपल्या ताटातील पोळ्यांची संख्या आपण ठरवावी आणि आग्रहाने वाढणाऱ्या हाताला नम्रपणे थांबवावे. पाहुणचारात नाही म्हणणे हे आपल्याकडे कोणत्याही पथ्यापेक्षा अवघड असते.

नाश्ता आणि रात्रीचे जेवण

पोहे, उपमा, शिरा, साबुदाण्याची खिचडी या नाश्त्यांत प्रथिने नगण्य असतात आणि अकरा वाजेपर्यंत पुन्हा भूक लागते. पोहे सोडण्याची गरज नाही. चार जणांच्या पोह्यांतील निम्मे पोहे कमी करून त्याऐवजी मटार, मोड आलेले मूग, भरपूर कांदा आणि मूठभर दाणे घालावेत आणि बरोबर उकडलेले अंडे किंवा वाटीभर दही घ्यावे. मुगाचे किंवा मिश्र डाळींचे धिरडे, भाजणीत बेसन व किसलेला दुधी वाढवून केलेले थालीपीठ, रात्री उरलेली उसळ आणि अर्धी भाकरी हे त्याहून सरस पर्याय आहेत.

सकाळी पोटभर आणि रात्री हलके, या क्रमाला थोडा शास्त्रीय आधारही आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पीसीओएस असलेल्या ६० सडपातळ स्त्रियांना ९० दिवस रोज सारख्याच, सुमारे १८०० कॅलरी दिल्या गेल्या; एका गटाचा मोठा वाटा नाश्त्याला होता, दुसऱ्याचा रात्रीच्या जेवणाला. नाश्ता मोठा असलेल्या गटात इन्सुलिनची पातळी घसरली, मोकळे टेस्टोस्टेरॉन सुमारे निम्म्यावर आले आणि अंडे सुटण्याचे प्रमाणही वाढले. अभ्यास लहान आहे, त्यामुळे त्यावर इमले बांधू नयेत. तरीही कामावरून आठला घरी पोचून दहाला भरपेट जेवणाऱ्या आणि सकाळी चहावर निघणाऱ्या शहरी स्त्रीने आपले वेळापत्रक या दृष्टीने तपासून पाहावे. रात्रीची वेळ अलीकडे आणणे शक्य नसेल तर संध्याकाळी सहाच्या सुमारास डब्यातले फुटाणे, दाणे किंवा उकडलेले हरभरे खाऊन घ्यावेत आणि घरी आल्यावर भाजी, आमटी व एखादी भाकरी एवढ्यावर थांबावे. लोकलच्या स्टेशनबाहेरचा वडापाव टळण्याचा हाच एक खात्रीचा उपाय आहे.

उपवास, चहा, गूळ आणि आंबा

संकष्टी, एकादशी, श्रावणी सोमवार आणि नवरात्र सांभाळणाऱ्या स्त्रीच्या महिन्यातील बरेच दिवस साबुदाण्यावर जातात. साबुदाणा जवळजवळ निव्वळ स्टार्च आहे; भगर त्यापेक्षा बरी, परंतु तीही धान्यच असल्याने वाटीभरच घ्यावी. उपवास मोडायला सांगण्याचा येथे हेतू नाही. राजगिऱ्याच्या पिठाची भाकरी, दाण्याची आमटी, दही, ताक, पनीर, काकडीची कोशिंबीर, लाल भोपळ्याची भाजी आणि एखादे लहान उकडलेले रताळे यांवर उपवास नीट होतो. राजगिऱ्याचा लाडू मात्र त्यातल्या गुळासकट मोजावा.

गुळाबद्दल एवढेच, की शरीराच्या दृष्टीने गूळ, मध, खडीसाखर आणि साखर यांत इन्सुलिनपुरता मोठा फरक नाही. दोन चमचे साखरेचे चार कप चहा म्हणजे दिवसाला सुमारे ४० ग्रॅम साखर होते. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर शक्यतो २५ ग्रॅमच्या आसपास ठेवायला सांगते. दर आठवड्याला अर्धा चमचा कमी केला तर महिन्याभरात जीभ तक्रार करणे सोडते. फळे अख्खी खावीत, रस काढून पिऊ नयेत. हापूसच्या दिवसांत आमरस-पुरीऐवजी जेवणातील धान्य थोडे कमी करून अर्धा आंबा चावून खाल्ला, तर हंगामही साजरा होतो आणि हिशेबही राहतो.

दूध किंवा गहू सर्वांनीच बंद करावा, याला भक्कम पुरावा नाही. सेलिअ‍ॅक आजार (गव्हातील ग्लुटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होणे) नसताना गव्हावर बहिष्कार घालून महागडी ग्लुटेनमुक्त बिस्किटे खाणे हा तर उलटा व्यवहार आहे. तूप-तेलाला शत्रू मानू नये. मोजून वापरावे, तळण क्वचित असावे, जवस-तिळाची चटणी रोज असावी.

केटो (कर्बोदके जवळजवळ वगळून स्निग्ध पदार्थांवर भर देणारा आहार), चौदा-सोळा तासांचे उपवास, दिवसातून दोनदाच जेवणे अशा पद्धतींची आज चलती आहे. २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांचा निष्कर्ष असा आहे, की पीसीओएससाठी कोणताही एक आहारप्रकार दुसऱ्यापेक्षा श्रेष्ठ असल्याचे सिद्ध झालेले नाही; जो दीर्घकाळ पाळता येईल तो निवडावा. त्याच सूचनांत आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधले आहे, ती म्हणजे पीसीओएस असलेल्या स्त्रियांत खाण्याविषयीचे मानसिक विकार अधिक आढळतात. दिवसभर कडक पथ्य आणि रात्री हावरटासारखे खाणे, मग अपराधी वाटणे, हे चक्र सुरू झाले असेल तर पथ्य आणखी कडक न करता तज्ज्ञाची मदत घ्यावी.

हालचाल आणि औषधे

स्नायू आकुंचन पावताना इन्सुलिनची फारशी मदत न घेताही रक्तातील ग्लुकोज उचलतात. त्यामुळे मुख्य जेवणानंतरची दहा-पंधरा मिनिटांची शतपावली हा आहाराचाच भाग समजावा. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम वेगाचा व्यायाम आणि शिवाय सलग नसलेले दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम, अशी शिफारस आहे. हा दुसरा भाग स्त्रिया बहुधा गाळतात. खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठबस करणे, भिंतीला टेकून जोर काढणे, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणे यापासून सुरुवात करता येते.

इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद सुधारणारे मेटफॉर्मिन हे औषध चालू असेल तर ते आहार बदलला म्हणून परस्पर बंद करू नये. दीर्घकाळ घेतल्यास त्याने बी१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते, आणि शाकाहारी स्त्रीत ते आधीच कमी असण्याची शक्यता असल्याने ठरावीक काळाने तपासून घ्यावे. साखर उतरवणाऱ्या इतर गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर धान्य कमी करण्याआधी डॉक्टरांशी बोलावे, नाहीतर साखर एकदम खाली जाऊ शकते. पीसीओएससाठी विकल्या जाणाऱ्या इनोसिटॉल या पूरक घटकाच्या पुड्यांबाबतचा पुरावा अजून मर्यादित आहे. परवडत असेल आणि डॉक्टरांची हरकत नसेल तर घ्यावे, पण त्याच्या भरवशावर ताट बदलायचे टाळू नये. आहार आणि वजन सुधारले की अंडे सुटणे पूर्ववत होऊ शकते. मूल नको असेल तर ‘मला पीसीओएस आहे, दिवस राहणार नाहीत’ या समजुतीवर विसंबू नये.

फरक कसा मोजावा

वजनकाट्यावर रोज उभे राहू नये. महिन्यातून एकदा कंबरेचा घेर, पंधरा दिवसांतून एकदा वजन आणि प्रत्येक पाळीची तारीख वहीत नोंदवावी. वजन जास्त असेल तर सुरुवातीच्या वजनाच्या ५ ते १० टक्के घटही पाळी आणि इन्सुलिन दोन्हींत सुधारणा दाखवू शकते. ७० किलोच्या स्त्रीसाठी याचा अर्थ साडेतीन ते सात किलो. सडपातळ स्त्रीने वजन घटवू नये. तिने घेर, पाळीचे अंतर आणि ग्लुकोज चाचणी यांकडेच पाहावे. पाळीत फरक दिसायला काही महिने लागतात. हनुवटीवरचे केस सर्वांत उशिरा ऐकतात, त्यांना सहा महिन्यांहून अधिक वेळ द्यावा लागतो आणि अनेकदा आहाराने ते पूर्ण जात नाहीत. त्यासाठी औषध किंवा लेझरचा विचार करण्यात काही वावगे नाही.

पाळी ९० दिवसांहून अधिक काळ आली नाही, तर आहाराचा परिणाम होण्याची वाट पाहत थांबू नये. गर्भाशयाचे अस्तर जाड होत राहणे धोक्याचे असते आणि त्यावर डॉक्टरांकडून वेळीच औषध घ्यावे लागते. ग्लुकोजची चाचणी, पहिली नॉर्मल आली तरी, वजन, वय आणि घरातील मधुमेहाचा इतिहास पाहून दर एक ते तीन वर्षांनी पुन्हा करावी. गर्भधारणेचा विचार असेल तर ती त्याआधीच करून घ्यावी आणि आधी केली नसेल तर दिवस राहिल्यावर पहिल्याच भेटीत डॉक्टरांना पीसीओएस असल्याचे सांगावे, म्हणजे २४ ते २८ आठवड्यांच्या नेहमीच्या चाचणीपर्यंत थांबायचे की ती आधीच करायची, हे त्यांना ठरवता येते.